वडगावच्या पुढचं ‘परवडणारं’ वन बीएचके: टेप लावून, पावसाळा काढून

फ्लॅट घ्यायच्या आधी मी नेटवर हुडकत होतो, तेव्हा बेळगावात आमच्या बाजूच्या स्कीमबद्दल मराठीत एक धड ओळ सापडली नाही. जे होतं ते बिल्डरच्याच माणसांनी लिहिल्यासारखं, ‘नाईस लोकेशन, व्हेरी गुड’. म्हणून हे लिहायला बसलो. नाव घालत नाही. बिल्डर गावातलाच आहे, रोज तोंडाला तोंड पडतं. आणि तसंही वडगाव, अनगोळ, मजगाव, पिरनवाडीकडं ज्या स्कीम उठल्यात त्यांतली कुठलीही घेतली तरी एकोणीस-वीसचाच फरक निघेल.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. हायड्रॉलिकचे पार्ट मोजायचे, मापात नसलेल्यावर लाल पेंट मारून बाजूला ठेवायचे, हे बावीस वर्षांचं काम. घरात मिसेस ब्लाऊज शिवते, मुलगा डिप्लोमाला. मूळ घर वडगावात, विणकराचं. पुढं माग, मागं चूल, वर माळा. बाबांचे दोन्ही यंत्रमाग शेवटी किलोच्या भावानं भंगारात गेले, तेव्हा पुढची खोली मोकळी झाली आणि तिच्यावरून तीन भावांत बोलाचाली सुरू झाली. त्यातून हा फ्लॅट.

आधी पैशाचं, कारण सगळे तेच विचारतात. ऑगस्ट २०२१ मध्ये बुकिंग केलं. किंमत २२ लाख ८० हजार. ब्रोशरवर ६१० चौरस फूट, म्हणजे फुटाला ३,७०० च्या वर थोडं. बेळगावात टिळकवाडीचा दर ऐकून आलेल्या माणसाला हे फुकट वाटतं. खरं ६१० हे सुपर बिल्ट-अप. जिना, लिफ्ट, लिफ्टपुढची मोकळी जागा, बाहेरच्या भिंती, सगळ्यातला आपला वाटा त्यात धरलेला. करारात, रेराच्या म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणं, कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळ, लिहावंच लागतं. ते निघालं ४२५. मधल्या १८५ फुटांचे जवळजवळ सात लाख रुपये होतात आणि त्यात चटईसुद्धा अंथरता येत नाही. कार्पेटवर भागाकार केला तर दर ५,३०० च्या पुढं जातो. बिल्डरच्या ऑफिसातल्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अंकल, सगळेच असं सांगतात की." खोटं नव्हतं ते.

कार्पेट म्हणजे काय हेही नीट बघून घ्या. आतल्या पार्टिशनच्या भिंती कार्पेटमध्येच मोजतात. बाहेरची भिंत आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत. चावी मिळाली त्या दिवशी मी टेप, गुण्या, ओळंबा आणि कामावरची फूटभर लेव्हल घेऊन गेलो. मिसेस म्हणाली, "अवो, लोकं नारळ घेऊन जातात, तुम्ही काय हे?" नारळ तिनं घेतला होता. हॉल ब्रोशरमध्ये १४ बाय १०. लांबी आली १३ फूट साडेआठ इंच. साईटवरचा मिस्त्री म्हणाला, नकाशातलं माप प्लॅस्टरच्या आधीचं असतं. दोन्ही बाजूंचा प्लॅस्टर धरला तरी इंच-सव्वा इंच समजू शकतो, साडेतीन कसे? त्यानं टेप माझ्या हातातून घेतला, परत मोजलं आणि टेप परत दिला. माझ्या शॉपमध्ये असता तर त्या हॉलला लाल पेंट मारला असता.

बाथरूमचा उतार मात्र बरोबर. बादलीभर पाणी ओतलं, सगळं जाळीकडं गेलं, कोपऱ्यात एक थेंब राहिला नाही. हे मुद्दाम लिहितोय. पंचवीस-तीस लाखांच्या घरांत ज्यांनी बाथरूममध्ये वायपर मारत जन्म काढलाय त्यांना याची किंमत कळेल. खिडक्या मोठ्या आहेत, दक्षिणेला वारा भरपूर. टाईल्स, नळ, दरवाजे यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, जसे असतात तसे आहेत.

आतल्या भिंती चार इंची ब्लॉकच्या. शेजारी मिक्सर लागला की आमचीच चटणी वाटली जातेय असं वाटतं. पहिले आठ दिवस मला झोप लागली नाही, खरं कारण उलटं होतं. लहानपणापासून मागाच्या खटखटीत झोपलेला माणूस मी. गल्लीत रात्रभर कुणाचा ना कुणाचा माग चालू असायचा. इथं रात्री नुसते बेडूक.

आता सबसिडी. बुकिंगच्या वेळी रस्त्याच्या होर्डिंगवर घराच्या किमतीपेक्षा मोठ्या अक्षरांत ‘२.६७ लाख’ लिहिलेलं. पंतप्रधान आवास योजनेची व्याजावरची ती सवलत, सहा लाखांच्या आतल्या उत्पन्नाला, मार्च २०२२ पर्यंत होती. आमचं उत्पन्न बसत होतं, क्षेत्रफळ बसत होतं, मिसेसचं नाव करारात पहिलं घातलं होतं. अर्ज भरताना बँकेतल्या बाईंनी विचारलं, कुटुंबात कुणाच्या नावावर पक्कं घर आहे काय? मी वडगावचा उतारा दाखवला. त्यावर पाच नावं: आई, आम्ही तिघं भाऊ, एक बहीण. बाई म्हणाल्या, नाव आहे ना, मग देशात कुठंही घर नसावं या अटीत तुम्ही बसत नाही. माझ्या वाट्याला तिथं काय येतं तर माग ठेवायची अर्धी खोली. तिथं माझं घर आहे असं सरकार म्हणतं. भाऊ म्हणतात, तुझं इथं काही नाही. दोघांपैकी कुणाचं धरायचं ते मला अजून कळलेलं नाही. २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात व्याजाची मदत १.८० लाखांपर्यंत, पाच हप्त्यांत, आणि उत्पन्नाची मर्यादा नऊ लाखांवर नेलीय. अट तीच आहे. ज्यांची नावं वडिलोपार्जित उताऱ्यावर चढलीत त्यांनी बुकिंगच्या आधी बँकेत जाऊन विचारा, होर्डिंगवर भरवसा ठेवू नका.

कर्ज १६ लाख. हप्ता साधारण १२,४०० पासून सुरू होईल असा हिशोब होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला आणि हप्ता साडेचौदा हजारांच्या पुढं सरकला. २०२५ मध्ये रेपो उतरला तेव्हा जरा श्वास घेता आला.

ताबा मिळणार होता डिसेंबर २०२३ ला. मिळाला अक्षय तृतीयेला, २०२५ च्या. सोळा महिने उशीर. कायद्यानं उशिराचं व्याज मागता येतं, रेराकडं तक्रार करता येते. चोवीस फ्लॅटवाल्यांतल्या एकानंही केली नाही, मीही नाही. चावी त्याच्या हातात असताना कोण तक्रार करणार? ऑफिसातून सांगितलं गेलं की पहिल्या वर्षाचा मेंटेनन्स माफ करू. तेवढ्यावर सगळे गप्प.

उशिराचा खरा फटका नंतर कळला. आम्ही राहायला आलो तेव्हा ओसी, म्हणजे राहायला योग्य असल्याचा दाखला, निघालेला नव्हता. पूर्वी तसं चालून जायचं. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की असा दाखला असल्याशिवाय वीज-पाण्याची कायमची जोडणी द्यायची नाही, आणि राज्यभर मीटर थांबले. निकाल चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. दाखला नसताना माणसं घुसवणाऱ्याला कुठंतरी अडवायलाच हवं. फक्त अडवलं कुणाला ते बघा. बिल्डर त्याच्या बंगल्यात एसी लावून बसला आणि आम्ही बांधकामाच्या टेम्पररी कनेक्शनवर, जादा दरानं, बिल चोवीस जणांत वाटून. वडगावच्या घरात कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळं २०० युनिटच्या आत बिल शून्य यायचं. इथं स्वतःचं मीटरच नाही, मग गृहज्योती कसली? शिलाई मशीनची मोटर आणि एक फ्रिज, महिन्याला हजार-बाराशे. सहा महिने.

ओसी सप्टेंबरच्या शेवटाला आलं. मग ई-खातं, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाईन उतारा. त्याच्याशिवाय आता खरेदी होत नाही. त्यासाठी एका ऑफिसात किती वेळा ‘नाळे बर्री’, म्हणजे ‘उद्या या’, ऐकलं याचा हिशोब ठेवला नाही. खरेदी झाली नोव्हेंबरात. तोपर्यंत ३१ ऑगस्ट २०२५ पासून कर्नाटकात नोंदणी फी एक टक्क्यावरून दोन टक्के झाली होती. स्टॅम्प ड्युटी तीन टक्के, ती ६८,४००, त्यावर सेस-सरचार्ज, ते ठरलेलंच होतं. फी २२,८०० च्या जागी ४५,६०० भरली. परवडणाऱ्या घरांवर जीएसटी एकच टक्का ठेवलाय, तो आम्ही हप्त्याहप्त्यानं २२,८०० भरला होता. तेवढीच रक्कम नुसत्या उशिरापायी परत एकदा गेली. मिसेस म्हणाली, शंभर-सव्वाशे ब्लाऊज.

खरेदीपत्र कानडीत. मला कानडी बोलता येतं, बाजारापुरतं. छापील वाचायला बसलो की अक्षरांच्या गोलगोल जिलब्या दिसतात. दुसऱ्या मजल्यावर एक कानडी पोरगं राहतं, बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरून करतं. त्यानं दोन रात्री बसून मला एकेक पान मराठीत सांगितलं. बाराव्या पानावर त्यालाच सापडलं की गच्चीचे हक्क बिल्डरनं स्वतःकडं ठेवलेत. "अंकल, हे माझ्यातपण असंच आहे की," म्हणाला, आणि त्यानं स्वतःचं खरेदीपत्र न वाचताच सही केली होती. ज्याला वाचता येत होतं त्यानंही वाचलं नव्हतं, हे बघून मला उगीच बरं वाटलं.

पाणी. यासाठीच खरं तर लिहायला घेतलं होतं. वडगावात राकसकोप धरणाचं पाणी येतं. किती दिवसाआड येतं ते सोडा, डाळ तरी शिजते. इथं रस्त्यावर सार्वजनिक लाईन अजून आलेली नाही. एक बोअर, खाली सम्प, वर टाकी. नळाच्या तोंडाला महिन्याभरात पांढरी दाढी येते. गिझरची कॉईल एकदा बदलून झाली. एप्रिल-मेमध्ये बोअर दम टाकतं तेव्हा टँकर, ६०० रुपये, आला तर. ब्रोशरात ‘चोवीस तास पाणी’ लिहिलंय. बेळगावात ती शब्दांची जोडी ऐकली की माणूस हळवा होतो, कारण २००८ पासून काही वॉर्डांत खरोखरच चोवीस तास पाणी येऊन दाखवलेलं आहे. ब्रोशरवाल्यानं त्याच आठवणीवर धंदा केला.

आणि पावसाळा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेतीनला खालून ओरडा झाला. स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, पाणी. माझ्या स्प्लेंडरचं सायलेन्सर बुडालेलं. आधी वाटलं टाकी फुटली. खरं ते पाणी बाहेरून येत होतं, गढूळ, भाताच्या मुळांचा वास असलेलं, आणि त्याबरोबर शेतातले खेकडे. चार खेकडे लिफ्टच्या दारापाशी उभे होते, वर कुठल्या मजल्यावर जायचं असा विचार करत असल्यासारखे.

मामांनी हे आधीच सांगितलं होतं. मामा येळ्ळूरचे. हलगा-मच्छे बायपासात त्यांच्या भावकीची जमीन गेलीय. ते मोर्चात होते, कोर्टाच्या तारखांना होते, उभ्या पिकात जेसीबी घुसला त्या दिवशी बांधावर होते. वास्तुशांतीला आले, जेवले, आणि किचनच्या खिडकीशी जाऊन बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं हवा खात आहेत.

"बाळू, हे कुणाचं शिवार हुतं म्हाईत हाय काय तुला?"

"नाही मामा."

त्यांनी नाव सांगितलं. मग बोटानं दाखवायला लागले. बांध कुठून कुठं, विहीर कुठं, बासमती कुठल्या तुकड्यात लागायचं, सुग्गी, म्हणजे भाताची कापणी, झाल्यावर मसूर कुठं टाकायचे. "तू आता जिथं उभारलाईस न्हवं, ह्या गॅसच्या खाली, हितनं पाट जायाचा. बळ्ळारी नाल्याला." मग गॅसकडं बघून म्हणाले, "बुजवला व्हय त्यो? मग पाणी कुठनं जाणार? तुमच्यातनंच की."

बळ्ळारी नाला फुगला की शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात पाणी थांबतं आणि भात कुजतं, हे बेळगावच्या पेपरात दरवर्षी येतं. मी दरवर्षी वाचत आलोय. मी पाटावर राहायला जातोय हे मात्र मला मामांनी सांगितल्यावर कळलं. आमच्या स्कीमला भराव टाकून चार फूट उंच केलंय. म्हणजे आमच्यात चार खेकडे आले तेव्हा पलीकडच्या शेतात, जे अजून विकलेलं नाही, तिथं काय झालं असेल ते सांगायला नको. ते शेतकरी काका सकाळी येऊन आमच्या कंपाऊंडच्या भिंतीपाशी उभे होते. शिव्या दिल्या नाहीत. नुसते भिंतीकडं बघत होते. मी बाल्कनीतून आत आलो.

डिसेंबरात तिकडं हलग्याला सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं, रस्त्यांवर पोलीस, आणि इकडं आमच्या स्टिल्टमध्ये असोसिएशनची पहिली मीटिंग. विषय होता पंपाची मोटर. पाच मिनिटांत गाडी घरांच्या राजकारणावर गेली. रिटायर पोस्टमन काका म्हणाले, बुडानं, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणानं, आधीसारखे ले-आऊट पाडावेत, रामतीर्थनगर वसवलं तसं. साध्या माणसाला प्लॉट मिळाला की तो दहा वर्षांत वीट-वीट करून घर बांधतो, बिल्डर लागतोच कशाला? त्यावर पहिल्या मजल्यावरचे एक जण, जे स्वतः जमिनीचं कमिशन करतात, म्हणाले, काका, कणबर्गीची ६१ नंबरची स्कीम बघा, कित्येक वर्षं कोर्टात. शेतकरी जमीन देत नाहीत, म्हणून घरं महाग. जास्त मजले चढवू द्या, परवानग्या पटापट द्या, घरं आपोआप स्वस्त होतात. ग्राऊंड फ्लोअरच्या वैनी, ज्यांच्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं, त्या म्हणाल्या, आधी गटार करा म्हणावं. त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. मग एकानं जून २०२५ चा विषय काढला. राज्य सरकारनं घरकुल योजनांत अल्पसंख्याकांचा वाटा १० वरून १५ टक्के केला होता, त्याचा. झालं. अर्धा तास कुणाला किती टक्के यावर. आमच्यात एकाही माणसाला घरकुल योजनेतून वीटसुद्धा मिळालेली नाही, तरी आवाज चढलेले.

मी सहसा मीटिंगमध्ये बोलत नाही. त्या दिवशी बोललो, कारण कमिशनवाल्यांचं ‘शेतकऱ्यांमुळं महाग’ हे ऐकवलं नाही. मी म्हटलं, आमचा हा फ्लॅट स्वस्त का पडला ते सांगू काय? भाताची जमीन होती म्हणून स्वस्त. पाट बुजवला म्हणून जागा वाढली. पाण्याची लाईन ओढली नाही, तो खर्च वाचला, आता टँकरला आपण देतोय. ओसी काढायच्या आधी माणसं घातली, त्याचं व्याज वाचलं, आपण लाईटबिलात भरलं. घराची किंमत कमी झालीच नाही, वाटली गेली. थोडी आपल्यावर, थोडी त्या भिंतीपलीकडच्या काकांवर.

कमिशनवाले म्हणाले, "मग घेतलात कशाला ओ?"

बरोबर आहे. घेतला, कारण वडगावात अर्ध्या खोलीत तीन माणसं राहत नाहीत, आणि गावात याच पैशात दुसरं काही नव्हतं. घरं वाढू नयेत असं म्हणायला मला तोंड नाही. मी स्वतः त्या वाढलेल्या आकड्यातला एक आहे. एक कोटी घरांची घोषणा होते तेव्हा त्यातलं एक माझ्यासारख्याचंच असणार. मोजताना मात्र नुसती दारं मोजतात. माझ्या कामावर पीस किती निघाले हे कोण विचारत नाही, पास किती झाले हे विचारतात. घराला पाणी, गटार, मीटर, कागद हे चार चेक लागल्याशिवाय त्याला ‘घर’ म्हणून आकड्यात धरू नये, एवढंच साधं म्हणणं. मीटिंगमध्ये हे इतकं नीट बोलता आलं नाही, ‘पीस’ म्हटल्यावर सगळे हसले.

आणि एक गोष्ट कुठल्याच पक्षाच्या भाषणात मी ऐकलेली नाही. वडगाव, खासबाग, शहापूरच्या गल्ल्यांत बंद पडलेल्या मागांच्या खोल्या किती आहेत ते कुणी येऊन बघावं. वर पत्रा, दाराला कुलूप, आत घुशी. पाण्याची लाईन आहे, गटार आहे, शाळा चालत जायच्या अंतरावर. नवं शिवार न मोडता तिथंच दोन मजले चढले तर कितीतरी कुटुंबं बसतील. खरं गल्ली अरुंद, मागंपुढं सोडायची जागा सोडली तर उरतं काय, आणि उताऱ्यावर पाच-पाच, सात-सात नावं. आमचीच खोली धरा. आम्ही तिघं भाऊ एका टेबलावर बसत नाही म्हणून मी इथं दुसऱ्याच्या पाटावर येऊन राहिलोय. यात सरकारचा दोष किती आणि आमचा किती, ते मोजायला माझ्याकडं गेज नाही.

बरं, कुणी घ्यावा? ज्याची नोकरी उद्यमबाग, मच्छे बाजूला आहे त्याला चालेल. मला गाडीवर वीस मिनिटं. टाऊनला रोज जायचं असेल तर नको, रिक्षातच पगार जाईल. म्हातारी माणसं घरात असतील तर वरचा मजला नको, लाईट गेली की लिफ्ट बंद, जनरेटर कागदावर आहे. शिवणकाम, पापड, शिकवणी असं घरातून काही चालत असेल तर हॉलच्या मापाकडं नीट बघा. मिसेसचं मशीन खिडकीपाशी बसवलं तेव्हा दिवाण उभा करून ठेवावा लागला, रात्री आडवा करतो. उघडं पार्किंग विकत द्यायला आले तर घेऊ नका, ते कायद्यानं सगळ्यांचं असतं. करार व्हायच्या आधी दहा टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका, ते मागणंच कायद्यात बसत नाही. आमच्याकडं पाच लाख मागितले होते, भाचीनं कायदा दाखवला म्हणून दोनवर निभावलं. बघायला पाडव्याला जाऊ नका, तेव्हा सगळी घरं छान दिसतात. जुलैत जा, छत्री घेऊन, आणि शेजारच्या शेतात जो माणूस असेल त्याला विचारा, पूर्वी इथं काय होतं.

स्टार द्यायचे झाले तर बाथरूमच्या उताराला पाच, दक्षिणेच्या वाऱ्याला पाच, कानडी पोराला पाच, तो बिल्डरनं दिलेला नसला तरी. बाकी सगळ्याला मिळून दोन.

गेल्या रविवारी मामांनी यंदाचं तांदळाचं पोतं पाठवलं. वाचलेल्या शेतातलं, पन्नास किलो. लाईट नव्हती, त्यामुळं मी आणि मुलगा दोन्ही बाजूंना धरून जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर घेऊन आलो, प्रत्येक मजल्यावर टेकवत. वडगावात पोतं माळ्यावर जायचं. इथं माळा नाही. किचनमध्ये ठेवलं तर गॅसपाशी उभं राहता येत नाही, बेडरूममध्ये कपाटाचं दार उघडत नाही, बाल्कनीत ओल येते. शेवटी हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलंय. मी टेप लावून बघितला. साडेतीन इंच कमी पडतात, म्हणून समोरचं दार पूर्ण उघडत नाही. पाहुणे आडवे होऊन आत येतात.